शांतता वगळा

चियातुरात रस्ते दमून खालीच बसतात.
वर माणसं जायची ती तारेवरून,
लोखंडी डब्यात उभ्यानं,
पायाखाली मँगनीजनं काळवंडलेली नदी.
ते डबे आता बंद. नवे आलेत, काचेचे,
दारं आपली आपण मिटतात.

शाळेला स्पर्धेत माहितीपट पाठवायचा होता.
विषय कोणताही, लांबी दहा मिनिटं,
वर एक सेकंद चालणार नाही, असं ठळक अक्षरांत.

नेस्ताननं सगळ्यांना उघडता येईल असा तक्ता केला:
प्रसंग, कोण, कधी,
आणि शेवटचा रकाना 'झालं का?'
तो महिनाभर लालच होता.
बाचोनं फोनवर बोटानं प्रसंगांची चित्रं काढली.
त्यात माणसं सगळी वाटाण्यासारखी,
डबे मात्र खिळ्यांसकट हुबेहूब.
माझ्याकडे आवाज. म्हणजे उसना मायक्रोफोन,
आणि वारा लागू नये म्हणून त्यावर चढवलेला
लोकरी मोजा, डाव्या पायाचा.

त्सिउरीबाईंनी एकेचाळीस वर्षं डबा वर नेला, खाली आणला.
आम्ही गेलो तर आधी अक्रोड फोडायला बसल्या.
प्रत्येक अक्रोडाला माझ्या मीटरचा काटा लाल.
बाई, नंतर फोडा, असं म्हणणार कोण?

बोललेलं आपोआप लिहून देणारं ॲप
आमच्या इमेरेतीच्या हेलाला बिचकलं.
त्या म्हणाल्या, तार ओली झाली की गाते.
त्यानं लिहिलं, सासू ओली झाली की गाते.
हसून हसून पोटात कळ आली, मग दुरुस्त केलं.
बाचोच्या मते पहिलंच बरं होतं.

सातवा प्रश्न नेस्तानचा:
शेवटच्या फेरीला डब्यात कोण होतं?

रात्री आम्ही एक बटण दाबलं, 'शांतता वगळा'.
काय सफाई! सगळे अडखळे, खाकरे, उसासे
कुणी केर काढावा तसे गेले,
पावणेतेरा मिनिटांची नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंद झाली.
टाळ्या वाजवल्या आम्ही.
मग ऐकलं:
'डब्यात कोण होतं?' 'कुणी नाही.'
दुकानात पाव आहे का विचारावं
आणि न बघताच कुणी नाही म्हणावं, तसं.

पण मी हेडफोन लावून समोर बसले होते.
मध्ये अकरा सेकंद होते.
त्यात त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेला
हळूच मागे, हळूच पुढे, जसा दांडा असावा हाताखाली.
त्यात फ्रिज घुमत होता.
दूर घाटात एका ट्रकनं गिअर बदलला होता.
आणि मग, 'कुणी नाही.
रिकामाच आणला. पण सावकाश आणला.'
हे दुसरं वाक्य पुटपुटल्यासारखं होतं,
यंत्राला तेही शांततेतच धरावंसं वाटलं.

नेस्तान म्हणाली, नियम म्हणजे नियम.
मी म्हणाले, मग माझं नाव काढ.
भांडण पार फळ्यावरच्या खडूपर्यंत गेलं.
बाचो काहीच बोलला नाही.
थंडीत तीन दिवस झुरून घेतलेलं
त्याचं ड्रोनचं दृश्य, दरी, बर्फ,
कोपऱ्यातून तिरका जाणारा ससाणा,
त्यानं ते उचललं आणि टाकलं.
मग बाहेर जाऊन बराच वेळ बुटाचा चिखल खरवडत बसला.

पाठवण्याआधी त्सिउरीबाईंना दाखवलं,
लॅपटॉप त्याच टेबलावर, सालं बाजूला सारून.
अकरा सेकंद आले.
त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या: आवाज गेला का ग?
म्हटलं, नाही, आहे.
त्यांनी स्वतःच बोट लावून वाढवला.
खोलीतला फ्रिज आणि पडद्यातला फ्रिज
एकाच सुरात घुमू लागले.
'अगबाई,' त्या म्हणाल्या,
'हा एवढा ओरडतो?
बदलायला हवा.'